बाई शाळेत होती

हैदराबाद
२ जुलै २०२४

फरहानाताई यांस,
सप्रेम नमस्कार.

मी कल्याण. गाव वाटूर, नोकरी इथं हैदराबादला एका बियाण्यांच्या कंपनीत. तुम्ही हातानं माणसांची चित्रं काढून देता, हे मला आमच्या एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं. शहागडला तुमच्या अब्बांकडून तो गाडी रंगवून घेतो. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, फोटो मोबाइलवर पाठवा, पण माणसाबद्दल जे सांगायचं ते कागदावर लिहून टपालानं पाठवा. पत्र वाचल्याशिवाय मी चेहऱ्याला हात लावत नाही. खरं सांगतो ताई, शाळा सुटल्यापासून एवढं लांब काही लिहिलेलं नाही. निबंध समजून वाचा आणि मार्क सढळ हातानं द्या.

आमच्या बाईचं चित्र काढायचं आहे. नाव उषाबाई. वीसएक वर्षं ती गावच्या शाळेत होती. शाळा भरायच्या आधी बाई हजर. अंगात ताप असला तरी बाई आली नाही असं कधी झालं नाही. गावातल्या पोरांच्या पिढ्या तिच्यासमोरून गेल्या, त्यातलाच मी एक. कित्येक पोरं तर फक्त बाईमुळं शाळेत टिकली. हे मी कौतुकापोटी म्हणत नाही, मोठ्या मॅडमनी एकदा भाषणात सांगितलं होतं. बारीक कामानं डोळ्यांना चष्मा लागला, तरी तिनं हयगय केली नाही.

या एप्रिलमध्ये वय झालं म्हणून तिला थांबवलं. नियमानंच थांबवलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेव्हापासून बाई घरात बसून आहे. शाळेवरून जाणारा रस्ता टाळते, किराणा आणायला शेताकडून वळसा घालून जाते. मला वाटतं, ती शाळेवर रुसली आहे. परवा फोनवर म्हणाली, "एवढी वर्षं केलं, त्याचं काय राह्यलं रे? सगळं पुसून गेल्यावानी झालं."

ते ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही. तिचं एक मोठं, चांगलं चित्र व्हावं आणि ते बघून तिला कळावं की ती वर्षं कुठं गेली नाहीत, एवढंच मला हवं आहे. दोन फोटो पाठवले आहेत. एक ओळखपत्राचा, त्यात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते. दुसरा पंधरा ऑगस्टचा, शाळेतल्या सगळ्यांबरोबरचा. निळ्या साडीतली, चष्मा लावलेली, ती बाई.

आपला,
कल्याण

———

शहागड
९ जुलै २०२४

कल्याणभाऊ, सलाम.

मार्क चांगले पडले आहेत, काळजी करू नका. अब्बांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, असं पत्र माझ्याबद्दल कोणी लिहिलं तर मी आजच ट्रक रंगवायचं सोडीन. अम्मी म्हणाली, आधी सोडा, मग लिहिते.

पहिला प्रश्न विचारते, राग मानू नका. बाई हयात आहेत ना? पत्रावरून आहेत असंच दिसतं, पण विचारलेलं बरं. माझ्याकडं येणारी बहुतेक कामं गेलेल्या माणसांची असतात. फ्रेमला हाराची खिळी ठोकूनच द्या म्हणतात. जिवंत माणसाचं काम आलं की माझाच हात हलका होतो.

आता चित्र कशात काढायचं ते ठरवा. पेन्सिलीत सुरकुती न् सुरकुती येते, पण ते जवळ जाऊन बघायचं चित्र. कोळशाचं जल्दी होतं, माणूस आत्ता हलेल असा वाटतो, पण त्याला हात लागला की फिसकटतं. वॉटरकलर देखणा, मात्र भिंतीला ओल असली तर नको. ऑइलला वेळ लागतो, वास बरेच दिवस घरातून जात नाही, पण एकदा झालं की पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. अब्बांचं मत ऑइलला. त्यांना ऊन, पाऊस आणि घाटरस्ता झेलणारंच चित्र आवडतं.

दुसरं, मला हात सांगा. चेहरा फोटोत आहे, हात दोन्ही फोटोंत नाहीत. पंधरा ऑगस्टला सगळ्यांनीच पाठीमागं बांधलेत. बाई डोळ्यांसमोर येतात तेव्हा त्यांच्या हातात काय असतं?

तुमची,
फरहाना

———

हैदराबाद
१८ जुलै २०२४

फरहानाताई,

बाई हयात आहे, चांगली खणखणीत आहे. पण तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण तिलाही तुमच्यासारखीच शंका येणार. आमच्या घरात भिंतीवर एकच फ्रेम आहे, माझ्या वडिलांची. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. जिवंत माणसाला भिंतीवर चढवत नाहीत असं तिचं म्हणणं. म्हणून तिला काही सांगितलेलं नाही. एकदा चित्र समोर आलं की बघू.

चित्र ऑइलमध्येच करा. टिकणारं हवं.

हातांचं म्हणाल तर बाईचे हात रिकामे मी बघितलेच नाहीत. समोर पोरांची रांग, डोळे प्रत्येकावर, आणि हातात तिचं ते नेहमीचं. आता ते काय मी तुम्हाला सांगावं, तुम्हीही शाळेत गेलेल्या आहात. तुमच्या मनानं येऊ द्या.

एक विनंती आहे. मला ऑगस्टमध्ये रजा मिळत नाही. चित्र झालं की परस्पर वाटूरला घरी पाठवा. पत्ता खाली दिला आहे.

कल्याण

———

हैदराबाद
२५ ऑगस्ट २०२४

फरहानाताई,

चित्र पोचलं. मला त्याचा फोटो शेजाऱ्यांनी पाठवला. हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे, तरी शब्द वेडेवाकडे गेले तर सांभाळून घ्या.

चित्र सुंदर आहे. चेहरा तर असा आहे की मी फोन हातात धरून बराच वेळ बसून राहिलो. पण ताई, मागं फळा कशाला? टेबल कशाला? आणि हातात उघडं पुस्तक? माझ्या बाईला अक्षर वाचता येत नाही. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची.

तुमच्या मनात काय झालं असेल ते मला काल दुपारी जिन्यात उभा असताना उमगलं. आमच्या घरात आईला बाई म्हणतात. आजोळीही तेच, गल्लीतही तेच. आई हा शब्द मी पुस्तकात वाचला आणि पुस्तकातच ठेवला. तुम्हाला "आमच्या बाईचं चित्र" लिहिताना मला वाटलंच नाही की यात काही सांगायचं राहून गेलं. आणि ती शाळेत काय करायची, हे तर मी लिहिलंच नाही. आपल्या आईचं काम कोणाला सांगायला लागतं असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पार्सल उघडलं तेव्हा शेजारच्या बायका जमल्या होत्या. सगळ्यांनी वाहवा केली. उषा मास्तरीण झाली म्हणाल्या. बाई त्यांच्यासमोर हसली. रात्री मला फोन केला आणि म्हणाली, "मास्तरीण केलंस व्हय मला? खिचडी शिजवनारी बाई चित्रात चांगली दिसत न्हाई का?"

ताई, मला तिला सांगायचं होतं की तुझं काम मोठं होतं. चित्रानं नेमकं उलटं सांगितलं. तिनं ते धान्याच्या पिंपामागं भिंतीकडं तोंड करून ठेवलंय. मी फोनवर समजावायला गेलो तर विषय बदलते, जेवलास का विचारते.

दोष तुमचा नाही. पण आता काय करावं ते मला सुचत नाही.

कल्याण

———

शहागड
२९ ऑगस्ट २०२४

कल्याणभाऊ,

तुमचं पत्र वाचून मी आधी कपाळावर हात मारून घेतला आणि मग अम्मीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. अम्मीला वाटलं, नात्यात कोणी गेल्याचा निरोप आला. तिला सगळं सांगितलं तर ती हसायला लागली. आमच्या घरात आई म्हणजे अम्मी. बाई म्हणजे फक्त शाळेतल्या, चष्मा लावणाऱ्या, आणि माझ्या लहानपणी त्यांची लई दहशत होती. तुम्ही त्यांना "ती" म्हणत होतात, तेव्हा शंका यायला हवी होती. मी म्हणलं, असेल जीव एवढा, अगंतुगं करत असतील. मोठी लाडकी बाई दिसते.

दोष कोणाचा ते नंतर वाटून घेऊ. पत्र वाचल्याशिवाय चेहऱ्याला हात लावत नाही म्हणून मी गावभर मिरवते, आणि पत्र वाचूनच मी तुमच्या आईला परकी करून टाकली. ते मला सहन होत नाही.

मी वाटूरला जाते. फोटो नको, पत्रही नको. मावशींना समोर बसवून काढते. तुम्ही त्यांना एवढंच सांगा की चूक करणारी बाई स्वतः येऊन राह्यली आहे, तिला हाकलू नका.

फरहाना

———

शहागड
१२ सप्टेंबर २०२४

कल्याणभाऊ, सलाम.

परवा जाऊन आले. अंबडहून जालना, जालन्याहून वाटूर फाटा, पाठीवर रंगांची पेटी. एसटीत एका म्हाताऱ्यानं मला इंजेक्शन देणारी नर्स समजून गुडघे दाखवले.

मावशींनी पाणी दिलं, चहा दिला. मी पायाशी बसले आणि म्हणाले, मावशी, चुकलं माझं. तर म्हणतात, "चुकलं कशाचं, चित्र लई चांगलं हाये. फक्त ते माझं न्हाई."

मग त्यांना बाजेवर बसवलं आणि पेन्सिल काढली. भाऊ, तुमची आई बसली की दगड होते. ओळखपत्रातला फोटो तसा का आला ते मला कळलं. मान ताठ, ओठ घट्ट, आणि हात मांडीवर असे ठेवलेले की जणू दुसऱ्या कोणाचे आहेत. दोन-तीन कागद वाया घालवले. त्यांनाही कंटाळा आला. म्हणाल्या, "मला बसून राह्यची सवयच न्हाई पोरी."

शेवटी मी सांगितलं की भूक लागली. खोटं नव्हतं. त्या लगेच उठल्या आणि पीठ काढायला लागल्या. मी म्हणलं, घरचं नको, मला शाळेतली खिचडी खायची आहे. त्यांनी पाठ फिरवली. तशाच म्हणाल्या, "तिथं आता बेबीनंदा हाये. नवी हाये, तिचा हात बसून राह्यलाय आत्ताच कुठं. मी गेले तर तिला वाटंल, म्हातारी चुका काढाया आली. म्हणून मी त्या रस्त्यानंच जात न्हाई."

भाऊ, तुम्ही लिहिलं होतं की बाई शाळेवर रुसली आहे. त्या रुसलेल्या नाहीत. दुसरीला जागा करून देत होत्या, आणि त्यात स्वतः उपाशी राहिल्या. जेवणानं नाही म्हणत मी.

मी पाहुणी आहे, मला रस्ता माहीत नाही, एवढं शाळेच्या फाटकापर्यंत सोडा म्हणून त्यांना बाहेर काढलं. फाटकापर्यंत आल्यावर त्या थांबल्या. तेवढ्यात बेबीनंदा बादली घेऊन बाहेर आली. मला वाटलं, आता अवघडल्यासारखं होणार. ती बादली खाली ठेवून सरळ मावशींच्या जवळ आली. म्हणाली, "पोरं ताट घेऊन येत्यात अन् मला इचारत्यात, बाई कुठं गेली. मी रोज काय सांगू? आजारी हाये म्हणून सांगून राह्यले. आता तुम्हीच येऊन सांगा."

मावशींनी पदर खोचला आणि आत गेल्या.

गॅस नेहमीसारखा संपला होता, म्हणून चूल पेटलेली. मोठं पातेलं, वर वाफ, सुट्टीला थोडाच वेळ. मावशींनी पळी घेतली, जाळ मागं ओढला, पाणी घातलं, बेबीनंदाला मीठ विचारलं, आणि तिनं पुरे म्हणल्यावर पुरे. एकदाही तिच्यावर वरचढ झाल्या नाहीत. पेटीत माझ्याकडं सगळं होतं, पण त्या एका जागी थांबतील तर शपथ. पेन्सिलीला टोक करेपर्यंत त्या दुसरीकडं. म्हणून कोळसा काढला. बेबीनंदा म्हणाली, अहो, हा तर आमच्याकडं पोतंभर पडलाय, उगाच शहागडहून कशाला आणला.

घंटा झाली. पोरं धावत आली आणि दारातच थबकली. मग एक-एक ताट पुढं यायला लागलं. मावशी वाढत होत्या आणि प्रत्येकाकडं बघत होत्या. नुसतं बघणं नाही भाऊ, तोलणं. याला जास्त, याला आधी थोडं, ही सकाळी घरून न खाता आली आहे. ते डोळे काय आहेत हे मला एप्रिलपर्यंत रोज खिचडी खाल्लेल्या पोरांच्या तोंडावरून कळलं, कारण पोरं ताटाकडं बघत नव्हती, बाईकडं बघत होती. माझा हात इतक्या जल्दी कधी चालला नव्हता. डोळे भरून आले होते, पण त्याचा दोष चुलीवर घालता आला.

चित्र तेच आहे. मागं फळा नाही, पुस्तक नाही. वाफ, पातेलं, पळी, पुढं आलेली ताटं आणि मावशी. खाली काय लिहू विचारलं. मला वाटलं, फार तर नाव लिही म्हणतील. त्या म्हणाल्या, "मोठ्या मॅडमच्या खोलीत पाटी हाये, कोण मास्तर कधीपासून कधीपस्तोर होते ते लिवलेली. तसं लिव. नाव लिव, काम लिव, सालं बी लिव." मी लिहिलं: उषाबाई. शाळेचा स्वयंपाक. २००३ ते २०२४. बेबीनंदानं मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशींनी पुन्हा वाच म्हणून सांगितलं.

खिचडी दोनदा घेतली. तुम्ही पत्रात एवढं सगळं लिहिलंत आणि खिचडीची चव लिहायची राहिली, याचे मार्क मी कापते आहे.

फरहाना

———

हैदराबाद
३ ऑक्टोबर २०२४

फरहानाताई,

वडिलांच्या श्राद्धाला गावी गेलो होतो. तुमचं पत्र बरोबर नेलं आणि बाईला वाचून दाखवलं. "दुसरीला जागा करून देत होत्या" इथं आलो तेव्हा ती उठून बाहेर गेली आणि उगाचच अंगण झाडून आली. मी तिचा मुलगा, आणि हे मला तुमच्याकडून कळावं याची लाज वाटली. पण आनंद त्याहून जास्त झाला. ती आता सरळ रस्त्यानं किराणा आणते.

ऑइलचं चित्र तिनं मला देऊन टाकलं. "ही मास्तरीण तू घेऊन जा, तुझ्या घरी शोभंल." इथं बैठकीत लावलंय. येणारा प्रत्येकजण विचारतो, आई शिक्षिका होत्या का? मी सांगतो, नाही, शाळेत स्वयंपाक करायची, आणि मग बसवून सगळी गोष्ट सांगतो. चहा गार होतो लोकांचा.

आता अडचण ऐका. कोळशाचं चित्र मला हवं होतं. तर ते मी पोचायच्या आधीच बाईनं शाळेला दिलं. आणि लावलं कुठं, तर स्वयंपाकघरात, चुलीच्या बराबर समोर. काच आहे, पण तुम्हाला माहीत आहे तिथला धूर. दोन वर्षांत काळं ठिक्कर पडेल. मी सांगून थकलो, ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही लिहा.

कल्याण

———

शहागड
१० ऑक्टोबर २०२४

उषामावशींना फरहानाचा सलाम.

बेबीनंदा हे पत्र वाचून दाखवेल, तिलाही सलाम.

मावशी, कल्याणभाऊंनी सांगितलं की चित्र चुलीसमोर लावलंय. कोळशाच्या चित्राला धूर बिलकुल चालत नाही. फटीतून आत जातो, कागद आधी पिवळा आणि मग काळा होतो. पुन्हा तसं मला काढता येईल असं वाटत नाही, त्या दिवशी हाताला काय झालं होतं कोण जाणे. मोठ्या मॅडमच्या खोलीत, त्या पाटीशेजारी लावा. तिथं येणारा-जाणारा बघेल आणि चित्रही जपलं जाईल. तुमचा मान तिथलाच आहे. माझं एवढं ऐका.

तुमची लेक,
फरहाना

———

वाटूर
२० ऑक्टोबर २०२४

चि. फरहानाला उषाबाईचे अनेक आशीर्वाद.

मी सांगून राह्यले अन् बेबीनंदा लिहून राह्यली. तिला म्हणलं, मी बोलते तसंच लिव, शाळेवानी करू नको. आज इतवार हाये म्हणून तिला टाइम हाये.

तुझं पत्र पोचलं. बेबीनं वाचलं, मंग मोठ्या मॅडमनी बी वाचलं. त्या बी म्हणल्या, माझ्या खोलीत लावा. मी न्हाई म्हणलं. त्या खोलीत मी कधी पाच मिनिटं बसले न्हाई, तिथं पोरं बी भेत-भेत जात्यात. तिथं माझं काय काम?

मी रोज येत न्हाई शाळंत. बेबीचं काम बेबीचं हाये, ती चांगलं करून राह्यली. मी शुक्रवारी येते, पोरांना वाढून जाते. बाकीच्या दिवशी पोरं येता-जाता चित्राला सांगत्यात, बाई, वाढ. मागल्या हप्त्यात एका बारक्यानं त्याच्यापुढं ताट बी धरलं. सगळे हसले, तवा त्याला राग आला.

कल्याणला सांग, त्याच्या भितीवर माझा जीव रमला नसता. घरात मी लावू देत न्हाई, मला अजून लई दिवस काढायचे हायेत. शाळंत चालतं.

तू जीव लावून काढलंस म्हणून तुला काळजी, हे मला समजतं पोरी. पण धुरानं काळं पडंल म्हणतीस, तर पडू दे. मी बी त्याच धुरात एवढी वर्षं उभी होते, अन् पोरं मला बराबर वळखायची.

तुझी मावशी,
उषाबाई